तोकुनागांचा खास शोध

थायलंडमधल्या चियांग माईत थंडीच्या दिवसांत डिझाइनचं प्रदर्शन भरलं, की शिगेयोशी तोकुनागांच्या अंगात यायचं. आयुष्यभर या माणसाने लाम्फूनच्या कारखान्यात एअर कंडिशनरची पाती तपासली. निवृत्त झाल्यावर जपानला जाऊन गुमान बसावं, ते नाही. इथेच राहिले आणि ‘परदेशातल्या जपानी कलाकारांचे शोधक’ झाले. तसं कार्डच छापून घेतलं. कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काढूनही टाकता येत नव्हतं.

शोध लावायची पद्धत ठरलेली. स्टॉलवर जायचं, वाडगा उचलायचा, उलटा करायचा आणि बुडाकडे बघत “हं” म्हणायचं. मग फोटो, आणि जपानी मंडळाच्या पत्रिकेत लेख. ज्यांचा शोध लागायचा ती माणसं कित्येक वर्षं इथेच राहत होती, भाजी घेताना रोज बाजारात भेटत होती.

हा तमाशा सावाको आपल्या स्टॉलवरून बघायची. सावाको म्हणजे तोकुनागांची एकुलती एक मुलगी. बँकेतली नोकरी सोडून ती जपानात बेप्पूला गेली, बांबूच्या टोपल्या विणायला शिकली आणि इथे परत येऊन एका थाई सुताराशी लग्न करून बसली. त्या दिवसापासून बाप मंडळात सांगत सुटला, की मुलगी फुकुओकाला बँकेत असते. प्रदर्शनात तिच्या स्टॉलपाशी आला, की त्याला नेमकं दुसरीकडेच काहीतरी दिसायचं.

“आला बघ तुझा कोलंबस,” शेजारच्या इनुई मावशी म्हणाल्या. त्या मातीची भांडी विकायच्या.

“मावशी, हळू बोला.”

“हळू काय? पोटची पोर हातभर अंतरावर, आणि हा माझ्याच किटलीचा शोध लावतोय. गेल्या वर्षीही लावला होता मेल्याने!”

सावाको हसली. तिला बापाची कीव येत नव्हती, किळस येत होती. आणि तरीही दर वर्षी ती सगळ्यात चांगली टोपली त्याच्या हाताला येईल अशी कडेला ठेवायची. एकदा थांबावं, ‘ही माझी मुलगी’ म्हणावं, एवढंच हवं होतं तिला. या लाचारीचा तिला स्वतःचाच संताप यायचा.

यंदा टोकियोच्या एका नावाजलेल्या दुकानाच्या मालकीण, कोगुरे बाई, आल्या होत्या. तोकुनागा त्यांच्या पुढेपुढे करत, वाकून वाट दाखवत चालले होते. सावाकोचा स्टॉल येताच त्यांनी सवयीने मान वळवली. पण बाई थांबल्या. त्यांनी कडेची टोपली उचलली. चिकट भात ठेवायची, झाकणाची. घाट इथला, कड मात्र बेप्पूच्या विणीची.

“तोकुनागासान, हे काय! यांच्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत?”

तोकुनागांचा चेहरा खर्रकन उतरला. मग सावरला.

“मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. हा माझा खास शोध.” त्यांनी टोपली उलटी केली. “हं.”

इनुई मावशींनी हातातली किटली दाणकन खाली ठेवली.

“नाव काय यांचं?” बाईंनी विचारलं.

सावाकोने बापाकडे पाहिलं. आता तरी. त्याने तोंड उघडलं, एकदा बाईंकडे बघितलं आणि मोठ्या अदबीने म्हणाला, “सांगा ना, आपलं नाव सांगा.”

लहानपणी त्यानेच तिला शिकवलं होतं. अनोळखी माणसाला कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, कमरेतून वाकायचं. पुठ्ठ्याची कार्डं कापून बापलेक जेवणाच्या टेबलापाशी हा खेळ खेळायचे, आणि आई ओरडेपर्यंत थांबायचे नाहीत. सावाकोने आधी बाईंना कार्ड दिलं. मग दुसरं बापापुढे धरलं आणि त्याने शिकवलं होतं तेवढीच खाली वाकली.

“आपण पहिल्यांदाच भेटतोय. मी सावाको. ओळख असू द्या.”

कार्ड मिळालं, की आपलं द्यावंच लागतं. कोगुरे बाईंदेखत तोकुनागांना ही रीत मोडता येईना. त्यांनी स्वतःचं कार्ड स्वतःच्याच मुलीला दिलं.

तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं आणि त्यांच्यासमोरच उलटं केलं. मागे काहीच छापलेलं नव्हतं.

“हं,” सावाको म्हणाली.