दोन बोटांची साखळी

मिस्त्रींनी मापाची पट्टी कधी हातात धरली नाही. शर्यतीच्या मोटरसायकलची साखळी किती सैल ठेवायची, ते त्यांच्या बोटांना ठाऊक. साखळी खाली दाबायची, वरच्या दांडीच्या आणि तिच्यामध्ये दोन बोटं आडवी मावली की झालं. टीमचे सगळे चषक याच बोटांवर आले होते, मग पट्टी पुढे करायची कुणाची हिंमत? "शाळेत आहेस का रे?" असं ऐकावं लागे.

पण गेली दोन वर्षं टीम पार तळाला गेली होती. गाडी चालवायची ती त्यांची सख्खी भाची. वळणातून बाहेर पडताना वेग द्यायची वेळ आली की नेमकी कचरायची. "मामा, गाडी झटका देते," ती एकदा म्हणाली, तेव्हा मिस्त्री सगळ्यांदेखत खेकसले, "गाडी नाही झटका देत. तुझा हात आखडतो. भित्री आहेस तू." त्यानंतर पोरीने तोंडाला कुलूप लावलं. टायर बदलले, स्प्रिंगा बदलल्या, इंजिन दोनदा खोललं. साखळीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण ती मिस्त्रींनी बसवलेली. शेवटी टीमच्या मालकांनी सांगून टाकलं, या रविवारी भाची पहिल्या दहांत आली नाही तर पुढच्या वर्षी दुसरा कुणी चालवेल.

त्याच आठवड्यात बायकोने मिस्त्रींना सोनाराकडे पिटाळलं. लग्नातली अंगठी बोटात रुतून बसली होती. सोनाराने ती कापून काढली आणि म्हणाला, "बोट चार मापं वर गेलंय, काका. सांधे सुजलेत सगळे. आजची नाही ही सूज."

मिस्त्री आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. मग घरी न जाता तडक वर्कशॉपमध्ये आले, पट्टी शोधली आणि साखळी मोजली. बोटं जाडावली तशी ती सैल होत गेली होती, चांगला अर्धा सेंटीमीटर जास्त! वेग दिला की आधी तो ढिलेपणा ताणला जाणार आणि मागच्या चाकाला हिसका बसणार. पोर खरं बोलत होती. त्यांनी साखळी पट्टीने मोजून ओढून बसवली. शनिवारी भाचीला सांगायचं ठरवलं, पण जीभच उचलेना. आयुष्यभर मिरवलेला हात असा चारचौघांत कसा खाली घ्यायचा?

रविवारी ती सातवी आली.

मालक खुशीत होते. सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटत म्हणाले, "चला, एकदाचा धीर आला पोरीला!" सगळे हसले. भाचीही कसनुसं हसली. तिला ते पटलं होतं, हे मिस्त्रींना दिसलं. गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"धीर नाही आला," मिस्त्री म्हणाले. "साखळी दोन वर्षं सैल होती. मी बसवलेली. बोटं सुजली माझी, आणि मी पट्टी घेतली नाही. झटका खराच होता."

भाची हातातलं हेल्मेट सावरत त्यांच्याकडे बघत होती.

"तरी दर शर्यतीला ही त्याच गाडीवर बसली," ते मालकांना म्हणाले. "धीर होताच तिच्यात."

ती तिथेच, सगळ्यांसमोर रडायला लागली.