आधी गोष्ट, मग गाणं

अक्का कुठलंही इंग्रजी गाणं थेट सुरू करत नसे. आधी त्या गाण्याची गोष्ट सांगायची, मग गायची. समोर लग्नाची वऱ्हाडी मंडळी असोत की धुळ्यातल्या एखाद्या गणेश मंडळाची पोरं, माईक हातात आला की हे गाणं कोणाचं आणि ते गाताना त्या माणसाचं काय चाललं होतं, हे ती सांगणारच. आमच्या ऑर्केस्ट्रात मी कीबोर्ड वाजवायचो आणि इस्माईलभाई ड्रम. तिचं बोलणं संपेपर्यंत आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून बसून राहायचो.

पिंपळनेरच्या एका लग्नात तिने एका विलायती बँडच्या शेवटच्या कार्यक्रमाची गोष्ट चक्क अहिराणीत सांगितली. "चार पोरे व्हतात. बठ्ठी दुन्या त्यासना मांगे येडी व्हयेल. पन आपसमा भांडी भांडी थकी गयात. मंग एक दिन हाफिसनी गच्चीवर चढनात आनि थंडीमा वाजाडाले लागनात. खाले रस्ता जाम. पोलीस वर उनात. तठेच सरनं बठ्ठं."

पुढच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्या आबांनी काळजीने विचारलं, "समजोता करनारा कोनी नही व्हता का त्यासनामा?"

"नही ना, आबा," असं म्हणून अक्काने गाणं सुरू केलं. शब्द कोणालाच कळले नसतील, पण घर फुटल्याचं सगळ्यांना कळलं होतं.

ही गाणी तिच्याकडे आईकडून आली. आई दोंडाईचाला एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना आपल्या तबकड्या आणि त्या वाजवायचं यंत्र तिला देऊन गेल्या. अक्का त्यांवरच वाढली. पुढे नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. सकाळी शाळेत इंग्रजी शिकवायची आणि दुपारनंतर आमच्यासोबत टेम्पोत बसायची. "वर्गात ओरडायला आणि मंचावर गायला गळा एकच दिलाय देवाने," असं म्हणत ती ज्येष्ठमधाची काडी चघळायची आणि स्पीकरच्या खोक्याला टेकून डोळे मिटायची. कार्यक्रमाचं गाव आलं की तिला उठवताना जिवावर यायचं.

एकदा दोंडाईचालाच एका कापड व्यापाऱ्याच्या घरी रिसेप्शन होतं. त्याच सकाळी, साऱ्या जगाला नाचायला लावणारा तो अमेरिकन गायक गेल्याची बातमी टीव्हीवर आली होती. आमच्याकडे मागणी त्याच्याच गाण्यांची होती. अक्का मंचावर आली आणि म्हणाली, "तुमची सगळी पोरं ज्याची नक्कल करत नाचायला शिकली, तो माणूस आज गेला. एक मिनिट उभे राहू या." लोक गोंधळून उभे राहिले. कोणाच्या हातात जिलेबी, कोणाच्या हातात कढीची वाटी. नवरदेवसुद्धा सिंहासनावरून उठला.

शेठजी तावातावाने मंचामागे आले. "अक्का, शुभकार्य चाललंय इथे! शोकसभा नाही ही."

"शेठजी, आता त्याच्याच गाण्यावर तुमचे जावई नाचणार. निदान तो गेला हे तर त्यांना ठाऊक असू दे."

शेठजी फणकाऱ्याने परत गेले. जावई मात्र त्या संध्याकाळी असे नाचले की टोपी उडाली, बूट निघाला. पुन्हा त्या घरून आम्हाला बोलावणं आलं नाही. इस्माईलभाई चिडले होते. अक्का एवढंच म्हणाली, "माझ्याच्याने तसंच गाणं सुरू झालं नसतं रे."

मग डीजे आले आणि आमची बोलावणी आटत गेली. इस्माईलभाईंनी गॅरेजमध्ये लक्ष घातलं, मी पंखे-मिक्सरच्या दुकानात लागलो. शाळेतून निवृत्त झाल्यावर अक्का लेकीकडे जळगावला गेली. तिथे तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

मी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. परदेशातली एक नावाजलेली गायिका. मेंदूच्या आजाराने चालणं-बोलणंसुद्धा गमावलं होतं तिने. सगळं पहिल्यापासून शिकून, पिकल्या वयात, पुन्हा लोकांसमोर खुर्चीत बसून गात होती. भोवती तरुण वादक दाटीवाटीने बसलेले. अक्काने तो दोनदा पाहिला. मग डाव्या हाताचं बोट पडद्यावरच्या वादकांवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. लेक हळूच म्हणाली, "ती विचारतेय, माझी माणसं कुठेत?"

पुढच्या रविवारी इस्माईलभाई आणि मी बसने जळगावला गेलो. कीबोर्ड टेबलावर मांडला. ड्रम आणणं शक्यच नव्हतं, म्हणून इस्माईलभाईंनी स्वयंपाकघरातला डबा मांडीवर घेतला. तिचं आवडतं गाणं आम्ही नेहमीच्या पट्टीत धरलं. अक्काने डावा हात वर केला. आम्ही थांबलो. तिने पंजा हळूहळू खाली आणला. आवाज मोठा होतोय असं वाटून मी तो कमी केला. तिने वैतागून मान हलवली आणि पंजा पुन्हा खाली आणला. तेव्हा कळलं. तिला पट्टी खाली हवी होती. तिला गायचं होतं.

मी पट्टी उतरवली. तिने तोंड उघडलं. आवाज फाटका, शब्द अर्धे गिळलेले, पण सूर जागेवर. लेक दारात भिंतीला धरून उभी होती. अर्ध्या कडव्यावर अक्का थांबली, घामाने डबडबलेली.

"पुढचं, अक्का?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"दमले," ती म्हणाली. स्वच्छ, अख्खा शब्द. आजारपणानंतरचा पहिलाच.

त्यानंतरही जमेल त्या रविवारी आम्ही जात राहिलो. कधी ती दोन ओळी गायची, कधी नुसतीच ऐकायची. दिवाळीनंतर ती गेली. अंत्यविधी आटोपून आम्ही धुळ्याच्या बसमध्ये बसलो. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याजवळ इस्माईलभाईंनी समोरच्या सीटच्या दांडीवर बोटांनी सावकाश ताल धरला. धुळे येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.