ऋतिकाची जास्वंद

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत शकुमावशी राहतात. बालवाडीतून निवृत्त झाल्या, पण मुलांचा नाद काही सुटला नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून त्यांनी खाली आवारात इमारतीतल्या प्रत्येक पोराला एकेक झाड लावून दिलंय.

मी रोज सकाळी तिथूनच पूजेला फुलं तोडायचे. सगळेच तोडतात, देवाचंच काम ना! एक दिवस जास्वंद गणपतीला वाहिली आणि खालून रडणं ऐकू आलं. पाच वर्षांच्या ऋतिकाच्या झाडाचं ते पहिलं फूल होतं. त्यानंतर ती झाडाला पाणीच घालेना.

मी ओशाळून मावशींकडे गेले. त्या म्हणाल्या, "मला काय सांगतेस? तिला सांग. आणि उद्यापासून पाणी घालायला ये."

ऋतिकाची माफी मागितली, तर ती पाठ फिरवून निघून गेली. तरी मी रोज जाऊन तिच्या झाडाला पाणी घालत राहिले. आठवड्याने तिने माझ्या हातातली झारी ओढली. "एवढं नाही घालायचं गं काकू, मुळं कुजतात!"

काल दोन फुलं आली. "एक तुझ्या बाप्पाला," ती म्हणाली, "पण तोडणार मी हं!"

ते फूल वाहताना मी आधी शकुमावशींसाठी हात जोडले.