डाव्या छातीवरचं मीटर

दाजींच्या मीटरची पट्टी त्या दिवशी आपोआप सुटली नव्हती. ती मी सैल केली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, सोनईचे. मी पुणतांब्याचा, गोदावरीत डुंबत वाढलेला. नव्वदच्या दशकात त्यांनीच मला पुण्याच्या एका ठेकेदाराकडे नेलं आणि पाठीवर हवेची टाकी चढवायला शिकवलं. काम धरणांवरचं. पाणी सोडण्याच्या तोंडाशी खोल लोखंडी जाळ्या असतात; त्यांत अडकलेली लाकडं, पाला, कधी मेलेलं जनावर, हे सगळं खाली जाऊन मोकळं करायचं.

समुद्रात पाणबुड्याला दिसतं म्हणे. आमच्या गढूळ पाण्यात स्वतःचा पंजा दिसत नसे. त्यामुळे कुठली वस्तू अंगावर कुठे बांधायची, याला फार महत्त्व. टाकीत हवा किती उरली ते दाखवणारं मीटर नळीच्या टोकाला लोंबतं. मोकळं सोडलं तर पाठीमागे जातं नाहीतर जाळीत गुंततं. दाजी ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं डाव्या छातीवर बांधायचे, तोंड किंचित वर करून. उजवा हात न शोधता तिथं जायचा आणि मीटर डोळ्यांवरच्या काचेला भिडवून वाचता यायचं. मला मात्र कुठेच समाधान नसे. खांद्याला बांधलं की पट्टा काचायचा, कमरेला बांधलं की वाकताना पोटात रुतायचं. मी काठावर बसून सोडत-बांधत राहायचो.

"काय मेव्हणं, टाकी हाय का नवरी? किती सजवताय?"

"तुमीच शिकवलंय दाजी."

"शिकवलं व्हय. पर मुहूर्त टळंपत्तोर न्हाई."

एक नियम आम्ही दोघं कडक पाळायचो. ज्याचं त्यानं बांधायचं. दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही, मदत म्हणूनसुद्धा नाही.

मग ठेकेदारानं मुंबईहून मनगटावर बांधायचा एक कॉम्प्युटर आणला. खोलात जास्त वेळ राहिलं की वर येताना मध्ये थांबत यावं लागतं, नाहीतर सांधे धरतात, त्याहून वाईटही होतं. किती थांबायचं ते हे यंत्र सांगायचं. एकच होतं, म्हणून ते थोरल्यांच्या हातावर. दाजींनी ते उजव्या मनगटावर आतल्या बाजूला बांधलं, म्हणजे आमच्यातला खुणेचा दोर धरलेल्या हातानंही वाचता यावं. मला म्हणाले, "तू माझ्या शेजारी ऱ्हा. मी दोर वढला की दोघं बरूबर वर. हे माझ्यासाठी मोजंल तेच तुझ्यासाठी."

त्या मोसमात माझा खांदा दुखायला लागला. रात्री कूस बदलता येईना.

"वाकडा झोपला असशील," दाजी म्हणाले.

मी विश्वास ठेवला. पण एक दिवस काम आटोपल्यावर मी सामान धूत होतो. पाणी किती खोल ते दाखवणारं माझं वेगळं मीटर होतं, त्याला एक लाल काटा होता. आपण जास्तीत जास्त जिथवर गेलो तिथेच तो थांबून राहतो. तो सव्वीस मीटरवर होता. शेजारी दाजींचा कॉम्प्युटर पडला होता. त्यात त्याच बुडीची खोली दिसत होती, चौदा.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दाजी, आज कुठवर आलता?"

"कुठवर म्हंजे? तुज्या शेजारीच हुतो की."

ते बिडी पेटवत होते. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे कित्येक दिवस मी तळाशी जाळीला झोंबत होतो आणि ते वर दोर धरून थांबले होते. यंत्र त्यांच्या हाताची खोली मोजत होतं आणि त्या हिशेबानं मी कमी थांबून वर येत होतो. माझं दुखणं कशाचं आहे हे त्यांना माहीत होतं. ज्या माणसानं मला पाण्यात नेलं, त्यानं. मला भांडता आलं असतं. मी भांडलो नाही. गप्प राहायची सवय मला लहानपणापासूनची.

दुसऱ्या दिवशी एक ओंडका फसला होता. तो काढायला दोघांनाही खाली जाणं भाग होतं. बुडी मारण्याआधी दाजी चहाला गेले. मी त्यांच्या जॅकेटवरची पट्टी एका वेढ्यानं सैल केली. एकदा हात छातीवर जावा आणि तिथं काही नसावं, एवढंच मला हवं होतं. विश्वासाची वस्तू जागेवर नसली की कसं वाटतं, ते कळावं.

खाली मीटर सुटलं आणि जाळीच्या गजांत अडकलं. दाजींना हवा किती उरली ते कळेना, पुढे सरकता येईना. हिसडा मारून त्यांनी नळी सोडवली आणि घाबरून एका दमात वर गेले. मी वर पोचलो तेव्हा ते काठावर आडवे होते, डाव्या कानातून रक्त येत होतं.

"मीच नीट बांधलं न्हाई," ते ठेकेदाराला म्हणाले. "हात चुकला."

ठेकेदारानं त्यांना पुन्हा पाण्यात घेतलं नाही. कॉम्प्युटर माझ्या मनगटावर आला. मी तो बांधून घेतला.

पुढे केव्हातरी ताई बोलून गेली, त्यांचा तो कान त्या मोसमाच्या आधीपासूनच दुखत होता. खोल गेलं की सोसवत नव्हतं. काम जाईल म्हणून त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. ऐकून मला वाईट वाटलं, आणि रागही आला. कान दुखत होता तर कॉम्प्युटर माझ्या हातावर बांधायचा. तसं केलं असतं तर ठेकेदारानं कारण विचारलं असतं. त्या एका प्रश्नापेक्षा माझे सांधे त्यांना स्वस्त वाटले. हा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो खोटा आहे असंही मला वाटत नाही.

मी काही वर्षांनी ते काम सोडलं, सुप्याला कारखान्यात लागलो. सोनईला गेलो की दाजी मला उजव्या बाजूला बसवतात, त्या कानानं ऐकू येतं म्हणून. धाकट्यांना सांगतात, माणसानं बांधलेलं दोनदा तपासावं, माझं बघा, एकदा चुकलो आणि बसलो घरी.

त्यांनी माझ्याशी काय केलं ते ते कधी बोलतील की नाही, मला माहीत नाही. त्यावर माझं काही अडलेलं नाही. त्यांचा हात चुकला नव्हता, पट्टी मी सैल केली होती, हे त्यांच्या ऐकत्या कानाशी बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.