एकशे एक दिवस भाजीकडे

गेल्या वर्षी १४ जून, शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. रक्कम सहा हजार आठशे रुपये. ठिकाण अकोल्यातल्या एका बाई डॉक्टरांचा दवाखाना. हजर: मी, माझा नवरा, सासूबाई आणि नणंद. तपासायचं होतं मला. बाकीचे तिघं मत द्यायला आले होते.

घर अमरावतीला आणि डॉक्टर अकोल्याच्या, याचं कारण आधी सांगते. अमरावतीत रस्त्याच्या कडेला आमचं दुकान आहे. एकाच छपराखाली दोन ओटे. डावीकडे फुलं, उजवीकडे भाजी, दोन्ही घरच्या शेतातलं. फुलांवर मी बसते, भाजीवर नवरा. सासूबाईंचा नियम असा की पाळीत बाईनं देवाच्या फुलांना हात लावायचा नाही. भाजीला लावला तर चालतो. "गाजर मानूस खाते, फूल देवाले वाहते," एवढंच त्यांचं त्यामागचं शास्त्र. त्यामुळे माझी पाळी आली की आम्ही ओटे बदलतो. मी गाजराकडे, नवरा झेंडूकडे.

म्हणजे जी गोष्ट बाया शेजारणीलाही सांगत नाहीत, ती माझ्या बाबतीत अख्ख्या रस्त्याला दिसते. गिऱ्हाइकं समजूतदार आहेत, तोंडानं कोणी काही बोलत नाही. फक्त एक निवृत्त मास्तर रोज हार न्यायला येतात, ते नवऱ्याला फुलांवर पाहिलं की म्हणतात, "आज भाऊ हायेत, म्हंजे गाठ पाहून घ्या लागते." नवऱ्याच्या हाराची गाठ देवळापर्यंत टिकत नाही, हे खरं आहे. अमरावतीतल्या ज्या दवाखान्यात मी गेले असते, तिथल्या नर्सबाईही आमच्याकडूनच गजरा नेतात. म्हणून अकोला. नणंद तिथेच राहते.

ओटे बदलायच्या या पद्धतीमुळे आमच्या घरात 'पाळी' शब्दाचे दोन अर्थ झाले. मला येते तीही पाळी, आणि नवऱ्याला फुलांवर बसावं लागतं तीही पाळी. दोघांनाही ती आवडत नाही.

मला लिहून ठेवायची सवय आहे. दवाखान्यात जाण्याआधी वहीतले बारा महिने मोजले. पाळ्या तेरा, दिवस एकशे एक. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ. वय एक्केचाळीस. मुलं दोन, थोरली कॉलेजात, धाकटा नववीत. तिसरं नको, यावर दोघांचं एकमत. इतकी वर्षं आमचं निरोधवर भागलं. भागलं म्हणजे नवऱ्याच्या आठवणीवर भागलं. मार्चमध्ये माझी पाळी एकोणीस दिवस लांबली आणि त्या एकोणीस दिवसांत मी फुलांवरून हलले नाही, तेव्हा मास्तरांनीच विचारलं, "ताई, या महिन्यात भाजीकडं नाई गेल्या?" नवरा पांढरा पडला. पुढे सगळं ठीक निघालं, पण मी वहीच्या कोऱ्या पानावर दोन ओळी लिहिल्या. एक, मूल नको. दोन, रक्त कमी जावं. जे साधन दोन्ही करेल ते माझं.

घरात मात्र ज्यानं त्यानं आपल्याला सोयीचं ते सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, "आप्रेशन करून टाक. मी केलं न चवथ्या दिवशी वांगे तोडाले गेली." नणंदेनं फोनवर तांबी सुचवली. "मले दहा वर्षं झाले, हाय का नाई ध्यानातबी येत नाई." नवऱ्याचं म्हणणं गोळ्या घे, कारण औषधाचं दुकान आमच्या समोरच आहे.

तर दवाखाना. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "मंगळवारी सुटलो, मॅडम. आठ दिवस बसलो होतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही?"

नणंदेनं पदर तोंडाला लावला. मला सगळा हिशेब समजावून सांगावा लागला, ओटे, गाजर, झेंडू, एकशे एक. डॉक्टर शेवटपर्यंत गंभीर राहिल्या, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मग त्यांनी रक्तदाब घेतला, सोनोग्राफी पाहिली, लघवी तपासून घेतली आणि माझ्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या.

ऑपरेशननं पहिली ओळ सुटते, दुसरी तशीच राहते, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. तांबी चांगली, पण तिनं पाळी आणखी वाढू शकते, आणि माझ्या अंगात वाढवायला रक्त नाही. गोळ्यांनी पाळी कमी झाली असती, पण माझा रक्तदाब दीडशेवर होता, शिवाय वय, म्हणून त्या नकोत.

इथे नवरा एकदम उठून उभा राहिला. "मंग माहीच नसबंदी करून टाका. किती दिवस थिनंच सोसाचं?"

खरं सांगते, मला बरं वाटलं. डॉक्टरांनाही वाटलं असावं. "तुमचं ऑपरेशन तर हिच्यापेक्षा सोपं आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यानं हिचे एकशे एक दिवस कमी होणार नाहीत."

"म्हंजे मी फुलाईवर बसाचं ते बसाचंच?"

"बसायचंच."

तो खाली बसला.

मग त्यांनी तांबीसारखीच दिसणारी, पण तांब्याऐवजी हार्मोन असलेली एक वस्तू दाखवली. गर्भाशयात बसवायची, काही वर्षं पाहायला नको, मूल राहत नाही आणि पाळी हळूहळू कमी होते. नको वाटली तर काढता येते. दोन्ही ओळी सुटत होत्या. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली: पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून ठिपके दिसतील, घाबरायचं नाही. मी हो म्हटलं. रक्कम ऐकल्यावर सासूबाईंनी बाजारातल्या सवयीनं "सहा लावा" म्हटलं. डॉक्टरांनी तपासणीचे तीनशे सोडले. बसवताना कळ आली, ती मोठी होती, पण थोडक्यात गेली.

परतीच्या बसमध्ये सासूबाई मूर्तिजापूर येईपर्यंत बोटांवर महिने मोजत होत्या. मग म्हणाल्या, "सहा महिने ठिपके म्हंजे सहा महिने हा फुलाईवर?"

"तुमचा नियम तसाच आहे, आई."

"धंदा बसन," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. मला तेव्हा भीती वाटली ती याचीच, की साधन माझ्यासाठी बरोबर असूनही फुलांच्या हिशेबात नापास होईल आणि महिन्याभरात 'काढून टाक' सुरू होईल.

श्रावणातला पहिला सोमवार म्हणजे फुलांचा वर्षातला मोठा दिवस. नेमका त्या सकाळी ठिपका. मी गाजराकडे जाऊन बसले. नवरा झेंडूत. साडेसातला रांग रस्त्यापर्यंत गेली, दोऱ्याचा गुंता झाला, आणि मास्तर शांतपणे म्हणाले, "भाऊ, घाई नाई, देव कुठं जात नाई."

सासूबाई बेलाची टोपली घेऊन आल्या. रांग पाहिली, गुंता पाहिला, मग माझ्याजवळ वाकून हळूच विचारलं, "किती?"

"ठिपका."

त्यांनी टोपली खाली ठेवली. "ठिपक्याले पाळी नाई म्हनत. ऊठ, बस फुलाईवर."

मी बसले. अकरा वाजेपर्यंत रांग संपली. नवरा भाजीकडे इतक्या आनंदानं गेला की कोथिंबीर फुकट वाटू लागला.

गर्दी ओसरल्यावर सासूबाई घरच्या देव्हाऱ्यासाठी हार घ्यायला आल्या. मी हार उचलायला कचरले. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यांनी आमच्या दुकानात कधी पैसे दिलेले मी पाहिले नाहीत. त्या दिवशी त्यांनी कमरेची पिशवी उघडली.

"घरचाच हार आहे आई, पैसे काहून?"

"घरची सून देईन त विटाळाचा इचार करा लागते," त्या म्हणाल्या. "दुकानदारीन देईन त सौदा हाय."

वही आता सांगते की महिन्याला दोन दिवस, तेही ठिपकेच. एकूण दिले: डॉक्टरांना सहा हजार पाचशे, रोख, नवऱ्यानं. आणि हाराचे दहा रुपये, सासूबाईंनी, मला.