नत्थुजी बाहेर?

अकोल्याच्या रुईच्या प्रेसमध्ये रऊफचाचांसारखा नकल्या दुसरा नव्हता. नागपूरहून तपासणीला येणारा गोरा साहेब घ्या, नाहीतर शिंकल्याशिवाय सही न करणारे मॅनेजर बापूसाहेब घ्या. चाचांनी आवाज काढला की खुद्द बापूसाहेब मागे वळून बघत. पण सगळ्यात हुबेहूब निघे तो नत्थुजीचा आवाज. बसलेला, खरखरीत, शेवटचं अक्षर गिळणारा.

हे दोघं रुई तुडवायचे. प्रेसची पेटी म्हणजे लाकडी विहीरच. वरून रुई पडायची, आत दोघं ती पायांनी दाबायचे, मग चढून वरच्या माळ्यावर यायचे आणि ज्यानं त्यानं आपलं नाव ओरडायचं. "रऊफ बाहेर." "नत्थुजी बाहेर." दोन्ही नावं ऐकल्याशिवाय खाली यंत्रावरचा गोवर्धन दांडा ओढत नसे, कारण दांडा ओढला की लोखंडी पाट दाबायला सुटे.

नत्थुजीला दम लागायचा. चाचा आधी वर येत आणि तो चढतोय तोवर त्याच्या आवाजात त्याचंही नाव ओरडून टाकत. सगळे हसत, नत्थुजीसुद्धा. "रऊफभाई, एक दिवस माह्या वाट्याची तंबाखूबी तूच खाशीन," म्हणे.

त्या दिवशी नत्थुजी अर्धा चढून परत खाली उतरला. तंबाखूची चंची आत पडली होती. चाचा पाठमोरे होते. त्यांनी दोन्ही नावं ओरडली, गोवर्धननं दांडा ओढला. चाचा वळले तर आत नत्थुजीचं लाल पागोटं. वाकून त्यांनी हात घातला, पाटाचा धक्का बसला आणि ते माळ्यावरून पेटीबाहेर खाली, लोखंडावर पाठीवर पडले. नत्थुजी गेला. चाचांचा कणा मोडला. दवाखान्यात डॉक्टर तळपायाला सुई टोचत होते आणि चाचा विचारत होते, "टोचली का?"

जैनबचाचींनी वर्षभर कूस बदलून, जखमा धुऊन त्यांना जगवलं. मग गोवर्धन आला. "हाक देनारा मानूस पायजे. बसल्या जागी होते."

रुईच्या हातगाडीत बसवून त्यांना नेलं, उचलून माळ्यावर पोत्याला टेकवलं. आता तुडवणारे आपलं नाव आपण ओरडत नसत. चाचा एकेकाला नावानं विचारत, त्याचं तोंड बघत, मगच पुढचा. आणि सगळे झाले की विचारत, "नत्थुजी बाहेर?"

श्वासभर थांबत. मग, "ओढ."

त्या थांबण्यात वाफेचा फुसकारा तेवढा ऐकू येई. आणि पायांवर टाकलेल्या पोत्याखाली चाचांचे मेलेले पाय झटका देत. डॉक्टर म्हणाले होते, होतं असं, नसा आपोआप ओढतात. तुडवणारी माणसं तिकडे बघत नसत.

नकला तर त्यांनी सोडल्याच. आता नकला मी करतो, त्यांच्याच गल्लीतला; बापूसाहेबांची शिंक काढली की गल्ली हसून लोळते. चाचा एवढंच विचारतात, "ज्याचा आवाज काढला तो कुठं हाय, पाहून घेतलं का?"

शेवटी बापूसाहेब माळ्याखाली येऊन उभे राहिले. "अहो रऊफमियाँ, मेलेल्या माणसाची हजेरी कसली घेता? रुईच्या गाठी उशिरा पडतायत." शिंक. "शेठजींचं मन मोठं आहे. उद्यापासून फाटकापाशी कडुलिंबाखाली बसायचं. गाड्या आल्या की सलाम करायचा. पगार तोच."

चाची खूश. "नीम की छाँव है, बिडी है, तनखा वही. और क्या होना तुमकू? उधर तो रोज उसकू मारते तुम."

"मारता नै," चाचा म्हणाले. "पूछता."

"वो बोलता क्या?"



फाटकावर गाडीवाले रामराम करत, पायांकडे नजर गेली की बैलांना उगाच हाकलत. प्रेस तिथून ऐकू यायची. चाचा कान देऊन बसत. त्यांची जागा आता बंडूकडे होती आणि तो नत्थुजीचं नाव घेत नव्हता.

नत्थुजीची बायको पार्वताबाई तिथेच कापूस निवडायला येई. अपघातापासून ती चाचांशी बोलली नव्हती. एका सकाळी फाटकात थांबली.

"आमच्या घरच्याचं नाव काहून बंद केलं?"

"साहेबानं इथं बसवलं, बाई. इथं मी मेलो तरी गाड्या येतीनच. तिथं मी चुकलो तर मानूस जाते. मले तेच काम पायजे होतं."

पार्वताबाईनं पदर ओढला. "मले तर त्याईचं नाव घेता येत नाई. तुमी घेत होते, ते मी तिकडून आयकत होती."

ती तडक प्रेसमध्ये गेली. गोवर्धनला म्हणाली, "त्याईचं नाव घेतल्याबिगर ओढू नोको." गोवर्धननं दांड्यावरचा हात काढला. बापूसाहेब आले, शिंकले, तापले. "बंडू, घे बाबा ते नाव, आणि संपव एकदाचं."

बंडूनं भरभर नाव घेतलं. गोवर्धन हलला नाही.

"याच्या तोंडून नाई," पार्वताबाई म्हणाली. "ज्याच्यानं चुकलं, त्याच्या तोंडून."

बापूसाहेबांनी थांबलेल्या प्रेसकडे बघितलं आणि रुमाल नाकाला लावला. हातगाडी फाटकावर गेली.

चाचांना माळ्यावर बसवलं. त्यांनी एकेकाला विचारलं, तोंडं बघितली. मग, "नत्थुजी बाहेर?"

पोत्याखाली पाय झटकले. चाचांचा गळा हलला. नत्थुजीचा तो खरखरीत आवाज तिथपर्यंत आला होता, सगळ्यांना दिसत होतं. खाली पार्वताबाई तोंडात पदर धरून वर बघत होती.

चाचांनी तो आवाज गिळला.

"ओढ," ते आपल्याच आवाजात म्हणाले.