अंतरपाटावरची टिकली

रविवारी अकोल्याला मामेबहिणीचं, पूनमचं लग्न झालं. जेवण उत्तम, बसायला जागा उत्तम... आणि मी दिवसभर जळत होतो.

कारण स्टेजची सजावट निलेशची होती.

निलेश आणि मी अमरावतीजवळ नांदगाव पेठेत एकाच कापड कंपनीत चेकर होतो. टेबल शेजारशेजारी. खालून लाइट, वरून सरकत जाणारं कापड... दोष दिसला की बाजूला लाल स्टिकर लावायचं आणि पुढे बघायचं.

ते काम मी जरा जास्तच मनावर घेतलं. घरी येऊन चादरी तपासायला लागलो, आईच्या नेसत्या साडीतले सुटलेले धागे दिसायला लागले. शेवटी एका सकाळी कंपनीची बस समोर येऊन थांबली आणि माझा पाय पायरीवर चढेचना... बस गेली. मी तिथेच उभा.

निलेशनेही त्याच सुमारास काम सोडलं. पण त्याच्या घरचा शेवंतीचा मळा. त्याने सजावटीची कामं घ्यायला सुरुवात केली आणि आता टी-शर्टवर, गाडीवर, जिथे जागा मिळेल तिथे 'डेकोरेटर' लिहिलेलं असतं.

मी आता अकोल्यातच, जठारपेठेत मामाच्या टेलरिंगच्या दुकानात एका कोपऱ्यात रफू करतो. बारावी अर्धवट सुटलेली, त्यामुळे कोणी "काय करतोस?" विचारलं की मी आपला सांगायचो, "आधी कंपनीत होतो."

त्यातच लग्नाआधी जुन्या सुपरवायझरचा फोन आला. जागा रिकामी आहे, परत ये. बाबा म्हणाले, जा. मी म्हटलं, लग्न होऊ द्या, सोमवारी कळवतो.

निलेशचं स्टेज पाहिलं आणि वाटलं, कळवायचं काय त्यात... त्याला जमलं, आपल्याला नाही जमलं. गुपचूप टेबलावर परत जावं.

मग काय, बसल्याजागी मी स्टेज तपासायला घेतलं. डावीकडचा हार उजवीकडच्यापेक्षा खाली. मागचा पडदा एका ठिकाणी चुरगळलेला. प्रत्येक दोष सापडला की मनाला जरा गार वाटायचं.

मुहूर्त जवळ आला आणि मामीने मला घाईघाईने आतल्या खोलीत नेलं; मामा आणि निलेश तिथेच होते. मामीच्या हातात अंतरपाट, तिच्या स्वतःच्या लग्नातला. निलेशने सुवासासाठी लावलेली अगरबत्ती त्याला टेकली होती. बरोबर मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं भोक.

खोटं कशाला बोलू... पहिल्यांदा मला आनंद झाला.

"याच्याच आडून तुया मामाले पाह्यलं होतं रे मी," मामी रडकुंडीला आली.

"म्हनून पाडलं असंन कोनी," मामा म्हणाला. "पोरीले आधीच दिसावं, काय घेऊन राहिली ते." मामीने डोळे वटारले.

निलेशचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्यावरच खेकसला, "अबे, पाहून काय राहिला? सुई काढ ना!"

सुईची डबी माझ्या खिशात असतेच. अंतरपाटाच्याच काठातले धागे ओढून घेतले. धागा ओवताना भोक नजरेतून सुटू नये म्हणून मामीच्या कपाळावरची टिकली मागितली आणि शेजारी चिकटवली. दोष दिसला की खूण... हाताला लागलेली सवय.

बाहेर गुरुजी हाका मारत होते. निलेशने कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. त्याचे हात थरथरत होते. मग लक्षात आलं, माझे थरथरत नव्हते... कंपनीच्या शेवटच्या दिवसांत साधा चहाचा कप हातात राहत नव्हता माझ्या.

शेवटचा धागा आत गेला आणि मामीने अंतरपाट घेऊन धूम ठोकली.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी मान वर केली आणि घाम फुटला. नवरदेवाच्या नाकासमोर, पांढऱ्या कापडावर लालभडक टिकली!

नवरदेवाच्या आत्याने पहिल्याच रांगेतून विचारलं, "काहो विहीनबाई, तुमच्याकडं अंतरपाटाले टिकली लावतेत काय?"

मामीने माझ्याकडे बघितलं. निलेश मात्र तयारच. "हो ना आत्याबाई! जोडीले नजर लागू नये म्हनून."

"बरी रीत आहे," आत्याबाई खूश. "आमच्या पोराच्या लग्नात बी लावजा." असं बोलणं मला जन्मात सुचलं नसतं. त्याचाही हेवा वाटला.

जेवणं झाल्यावर मामीने अंतरपाट मांडीवर घेतला आणि टिकलीच्या आजूबाजूला बोटं फिरवत राहिली. "कुठं होतं रे भोक?" मलाही चटकन सापडलं नाही. दोष कधीचा भरून निघाला होता, त्याची खूण तेवढी चिकटून होती...

मी नखाने टिकली काढली.

तेवढ्यात आत्याबाईंनी विचारलं, "हा पोरगा काय करते?" मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडणार, तर उशिरा जेवायला बसलेला निलेश पत्रावळ हातात घेऊनच म्हणाला, "रफूवाला आहे आपला. लय बारीक हात आहे त्याचा."

जे सांगायला मला इतके महिने जीभ वळेना, ते हा भात खाता खाता बोलून मोकळा.

सोमवारी सुपरवायझरला फोन केला. येत नाही म्हणालो, रफूचं काम करतो. मग बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जेवला काय?" आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

आज इथल्या प्रोफाइलवरचं 'क्वालिटी चेकर' काढलं आणि 'रफूवाला' लिहिलं. दोनदा वाचून पाहिलं. बरोबर आहे.

निल्या, वाचत असशील तर सांगतो... मी तुझ्यावर अजून जळतो. आणि डावीकडचा हार खरंच खाली होता. पण कापड ताणून धरलंस, त्याबद्दल मनापासून थँक्यू.